दत्तूचे पाय आणि घरचं लोणचं

पाटाचं पाणी बंद झालं की तळाशी काय काय दिसतं, बघितलंय कधी? एकेकटी चप्पल, फुटकी घागर, कुणाच्या तरी बैलाची झूल. पाणी वाहत असतं तोवर कुणाला पत्ता नसतो. बारामतीच्या किश्शांचं माझं तसंच झालंय बघा. तिथं होतो तेव्हा सगळं रोजचंच वाटायचं. आता बदली होऊन पुण्यात आलोय, संध्याकाळी तुमच्यासारखी मंडळी भेटतात, मी एक किस्सा सांगायला घेतो आणि त्याच्याखालून दुसरा वर येतो. थांबवावं कुठं तेच कळत नाही.

तर आमचं ऑफिस पाटाचं. कुणाच्या उसाला, कुणाच्या वांग्याला पाणी कधी सोडायचं ते ठरवणारं. ऑफिसच्या मागं दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही चौघं राहायचो. हेडक्लार्क तात्या, वयानं आमच्या दुप्पट, बायको वारल्यापासून घरी करमत नाही म्हणून आमच्यात आलेले. नाना, नकाशे ट्रेस करणारा, इंदापूरचा. दत्तू कारकून, वडगाव निंबाळकरचा, घरी भाजीपाल्याचा मळा. आणि मी, ज्याला सगळे 'पुणेकर' म्हणायचे, जणू पुण्यात मी एकटाच राहतो.

खोलीतला नियम एकच. जो घरी जाऊन येईल त्यानं येताना काहीतरी आणायचं. लोणचं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, काहीही. फळीवर बरण्यांची रांग लागलेली असायची. तात्या म्हणायचे, "फळीवरचं दिसतंय म्हणून झाकण उघडून वास तरी घेता. डोक्यात बी घरून कायबाय भरून आणलेलं असतं, त्याचा वास कोण घेतो?"

तेव्हा मला वाटलं, म्हातारा असाच काहीतरी बोलतो.

* * *

पहिला किस्सा नानाचा. नव्यानं आलेले साहेब फार सज्जन माणूस. एक दिवस नानाच्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "वा, नाना, तुमची रेघ फार सुंदर आहे."

नाना पांढराफटक पडला. साहेब गेल्यावर मला म्हणतो, "ह्यांना काय पाहिजे असंल रे?"

"काय पाहिजे असणार? कौतुक केलं."

"कौतुक फुकट कुणी करत नाही. आमचे वडील म्हणतात, गोड बोलणारा आला की आधी दाराला कडी घालावी."

नानाच्या घरी म्हणे कुणी कुणाला 'छान' म्हणायचंच नाही. आईनं वडलांना एकदा नवा सदरा शोभतो म्हटलं, तर वडलांनी दोन दिवस तिला 'काय हवंय ते सांगून टाक' म्हणून पिडलं होतं.

नाना दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेला. "साहेब, काही काम होतं का?" साहेब म्हणाले, "नाही, काही नाही." झालं! नानाची झोपच उडाली. न सांगणारा माणूस तर सगळ्यात महागात पडतो, हे वडलांचं पुढचं वाक्य. शेवटी हे प्रकरण मिटवून टाकावं म्हणून रविवारी इंदापूरहून येताना यानं पेरूंचं पोतं आणलं आणि थेट साहेबांच्या बंगल्यावर नेऊन ठेवलं.

साहेबांना वाटलं, लाच. असे खवळले, असे खवळले, पोतं नानाच्याच डोक्यावर ठेवून त्याला फाटकाबाहेर काढलं.

नाना खोलीवर आला तो हसत. पोतं खाली ठेवलं आणि म्हणाला, "बघा. आमचे वडील काय म्हणत होते? गोड बोलण्याचा शेवट असाच होतो."

पेरू मात्र फार गोड होते.

* * *

आता मी दुसऱ्यांवर हसतोय, पण माझंही ऐका.

आमच्या पुण्याच्या घरी बाबा मधूनच गप्प व्हायचे. गप्प म्हणजे असे की भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा वाटावं आपण फार आवाज करतोय. मग आई आम्हा भावंडांकडं बघायची आणि आम्ही एकमेकांकडं. कुणामुळं? काय केलं? शेवटी मीच जाऊन 'बाबा, चुकलो' म्हणायचो. काय चुकलं ते माहीत नसायचं. त्यामुळं जगात कुणीही गप्प बसलं की ते माझ्यामुळंच, ही माझी पक्की खात्री.

एका सकाळी तात्या गप्प. चहा पुढं ठेवला, बोलले नाहीत. ऑफिसात पाणी दिलं, बोलले नाहीत. दुपारपर्यंत मी अर्धा झालो. शेवटी त्यांच्यापुढं उभा राहिलो. "तात्या, माझं चुकलं. काल मी मोठ्यानं घोरलो असेन. भाकरी मोडताना आवाज केला असेन. परवा तुमच्या आधी अंघोळ..."

तात्यांनी गालावर हात धरून मान वर केली. "दाढ दुखतीया रं."

मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसलो.

"तुझ्या घरी कोण बसायचं असं?"

"बाबा."

"त्यांच्या दाढंची कधी चौकशी केलीस का?"

खोलीतले सगळे हसले, मीही हसलो. पण पुढच्या सुट्टीत पुण्याला आलो तर बाबा नेमके गप्प बसलेले. आई खुणा करतेय, धाकटी बहीण दाराआड. मी सरळ पुढं गेलो आणि म्हणालो, "बाबा, दाढ दुखतेय का?"

बाबा दचकले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

* * *

आणि हो, तात्या काही साधुपुरुष नव्हते. त्यांना एकदा सडकून ताप आला. अंगावर भाकरी भाजावी असा. आणि हे खुर्चीवर ताठ बसलेले.

"तात्या, आडवे व्हा."

"दिवसा न्हाय."

"ताप आहे तुम्हाला."

"दिवसा आडवं पडतंय ते एक तर मेलेलं, न्हायतर आळशी. आई म्हणायची."

आई जाऊन किती वर्षं झाली होती देव जाणे. दत्तूनं हात जोडले, मी घोंगडी अंथरली, तात्या हलेनात. तेव्हा नाना शांतपणे म्हणाला, "तात्या, हे तुमचं, का घरून आणलेलं?"

तात्या बघतच राहिले. स्वतःचंच वाक्य अंगावर आलं की माणूस कसा बघतो, तसे. मग उठले आणि घोंगडीवर आडवे झाले. आम्हाला केवढा आनंद! एवढ्यात डोळे मिटूनच म्हणाले, "खिडकी लावा रं. कुणी बघंल."

* * *

पण खरा माणूस दत्तू. आता नीट ऐका.

दत्तू कामाला चोख, स्वभावानं गाय. पण ऑफिसात कुठलंही शुभ काम निघालं की हा गायब. पाटाला पाणी सोडायच्या दिवशी नारळ फोडायचा असला की सगळे दाराशी, आणि हा लांब चिंचेखाली. खोलीत चुलीवर दूध असलं की उंबऱ्याच्या आत यायचा नाही. मी एकदा विचारलं तर सहज म्हणाला, "मी पांढऱ्या पायाचा हाय नव्हं."

आपण आपलं गाव सांगतो ना, तसं म्हणाला!

झालं होतं असं. दत्तू जन्मला त्याच दिवशी त्यांच्या मळ्यातल्या नव्या विहिरीची भिंत आत ढासळली. आबांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं, "पोरगं पांढऱ्या पायाचं हाय." तेव्हापासून घरात बैल मेला, दत्तू. वांग्यावर कीड पडली, दत्तू. टोमॅटोचा भाव पडला, अगदी पुण्या-मुंबईच्या बाजारात पडला, तरी दत्तूच. पोरगं निमूटपणे मागं मागं उभं राहायला शिकलं.

"आबा मारायचे का?" मी विचारलं.

"छ्या. आबा कशाला मारतील? नुसतं म्हणायचं, तू जरा लांब हो."

* * *

नानाच्या डोक्यात आलं, याचे पाय तपासून बघू. पुण्याहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला यायचे होते आणि आमचं अर्धं काम व्हायचं बाकी होतं. साहेबांची जीप पिंपळीच्या चढावर दर वेळी बंद पडायची. नाना म्हणाला, "दत्तू, तू चढावर जाऊन उभा राहा. तुझे पाय खरे असतील तर जीप संध्याकाळपर्यंत हलायची नाही. तेवढ्यात आपण काम उरकू."

दत्तू बिचारा उन्हात जाऊन उभा राहिला. जीप आली आणि काय सांगू, कधी नव्हे ती सुसाट वर चढली. उलट साहेबांना वाटलं, हा माणूस आपल्या स्वागताला उन्हात उभा आहे. खूश होऊन त्याला जीपमध्ये घेतलं आणि वेळेच्या आधीच ऑफिसात हजर. पुढं आमचं जे झालं ते सांगत नाही. साहेबांनी कपाटामागचं जाळंसुद्धा सोडलं नाही.

साहेब गेल्यावर आम्ही तिघं डोक्याला हात लावून बसलेलो, पण नाना जिद्दीचा. म्हणाला, "बघ, जीप बंद पडली का? नाही. म्हणजे तुझ्या पायात काही नाही."

दत्तू म्हणाला, "पर तुमचं वाटुळं झालं का न्हाय?"

नाना पुढचा बेत शोधायला लागला.

मग जत्रेतली कुस्ती. तात्या म्हणाले, एका बाजूला उभा राहिलास तर तू कायतरी अर्थ काढणारच, तवा मधोमध बस. दत्तू मधोमध बसला. कुस्ती बरोबरीत सुटली. आम्ही उड्या मारल्या. दत्तू पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "दोघांचं बी नुकसान झालं माझ्यापायी."

* * *

मग एक दिवस दत्तू घरून आला. बरणी फळीवर ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसला. त्याच्या धाकट्या बहिणीचं, शेवंताचं, लग्न ठरलं होतं. मुलगा बावडा गावचा. दत्तूला एकच बहीण आणि शेवंताला एकच भाऊ.

"मग तोंड का पाडलंस?" नाना म्हणाला. "कान पिळायला मिळणार तुला."

आमच्याकडं पद्धत आहे ना, लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, आणि नवरा काहीतरी देणं कबूल करेपर्यंत सोडत नाही. बहिणीच्या पाठीशी आम्ही आहोत, हे जावयाच्या कानात घालायचं.

"चुलतभाऊ पिळणार हाय," दत्तू म्हणाला. "आबा म्हणले, तू वरात निघाल्यावर ये. जेवायला."

तात्यांनी जेवायला पानं मांडली आणि दत्तूची मागच्या खेपेची बरणी उघडली. लोणच्यावर ही एवढी बुरशी! दत्तूनं बोटानं बुरशी बाजूला केली आणि फोड ताटात घेतली.

"टाक ते," तात्या म्हणाले.

"आईनं दिलंय."

"आईनं दिलं तवा चांगलं असंल. आता न्हाय. आईवर राग न्हाय धरायचा, पर पोटात बी न्हाय घालायचं." मग भाकरी मोडत सहज विचारलं, "दत्तू, ती विहिरीची भिंत कुणी बांधली हुती रं?"

"आबांनी."

"गवंडी कोण?"

"गवंडी न्हाय. आजा म्हणत हुता गवंडी बोलवा, पर आबा म्हणले, मला येतंय समदं. माती ओली हुती म्हणं, तरी दगुड रचला..."

दत्तूचा हात ताटातच राहिला.

तात्या नानाला म्हणाले, "चटणी सरकव इकडं."

दत्तूनं ताट सारलं. मग उठला, बरणी घेऊन बाहेर गेला आणि येताना ती राखेनं घासून रिकामी घेऊन आला. 'लग्नाला येतो' असं काही म्हणाला नाही. 'येत नाही' असंही म्हणाला नाही.

* * *

लग्नाच्या दिवशी आम्ही चौघं एस.टी.नं वडगावला उतरलो. मळ्यापाशी मांडव दिसला, ताशा ऐकू आला आणि दत्तूचे पाय थांबले. रस्त्याकडेला लिंबाचं झाड होतं, त्याखाली उभा राहिला. "तुमी व्हा पुढं. मला हितनं दिसतंय."

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं. "बरं," म्हणाले. ओढलं नाही, काही नाही. मला तर वाटलं, याला उचलून नेऊ. तात्या म्हणाले, "पुणेकर, चल."

अक्षता पडल्या. सगळं छान चाललं होतं आणि अचानक कर्रर्र आवाज झाला. मांडवाच्या पुढच्या कोपऱ्यातला खांब कलला आणि आंब्याच्या डहाळ्यांसकट तोरण भटजींच्या डोक्यावर! पळापळ झाली. आबा ताडकन उठले आणि सवयीनं ओरडले, "दत्तू कुठाय?"

"त्यो रस्त्यावर हाय आबा," तात्या शांतपणे म्हणाले. "लिंबाखाली. सकाळधरनं."

आबांनी मान वळवून बघितलं. खरंच लांब लिंबाखाली दत्तू उभा.

"खांब कुणी रोवला म्हणायचा?" तात्यांनी विचारलं. अगदी साधं, पाव्हण्यानं विचारावं तसं.

सगळं घर आबांकडं बघायला लागलं. मागून एक म्हातारी आत्या म्हणाली, "त्यांनीच. मांडववाल्याला म्हणले, तुला काय कळतंय."

आबा खाली बसले. चौघांनी खांब सरळ केला, भटजींनी डोक्यावरची पानं झटकली, नवरानवरीची गाठ बांधली, होम पेटला. कान पिळायची वेळ आली. चुलतभाऊ बाह्या सावरत पुढं आला.

शेवंता म्हणाली, "ह्यो न्हाय."

आतापर्यंत जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता ती नवरी! "माझा भाऊ पिळंल. न्हायतर मी हितनं पुढं पाऊल टाकणार न्हाय."

भटजी म्हणाले, "मुहूर्त..." शेवंता जागची हलेना. आबा जमिनीकडं बघतायत. आई पदर तोंडाला लावून उभी. बावड्याकडची मंडळी कुजबुजायला लागली, आणि मला वाटलं, झालं, मोडतंय हे लग्न आणि तेही पुन्हा दत्तूच्याच नावावर जाणार.

तेवढ्यात नवरा उठला. चांगला थोराड, हसतमुख गडी. म्हणाला, "त्यात काय एवढं? मेव्हणं हितं येत न्हाईत तर कान तिकडं जाईल. कान माझाच हाय."

आणि निघाला की राव! मुंडावळ्या हलवत, मळ्याच्या बांधावरून, सरळ लिंबाकडं. शेल्याला गाठ बांधलेली, त्यामुळं मागोमाग शेवंता. तिच्यामागं करवल्या, ताशेवाले, आम्ही, सगळं वऱ्हाड. होमापाशी एकटे भटजी.

दत्तूला पळावं की थांबावं कळेना. नवऱ्यानं त्याच्यापुढं जाऊन मान वाकडी केली. "घ्या मेव्हणं."

दत्तूनं शेवंताकडं बघितलं. मग हात पुढं केला आणि कान धरला. असा धरला की नवऱ्याचं हसणं तिथंच थांबलं.

"बोला, काय पाहिजे? फेटा? अंगठी?"

दत्तू म्हणाला, "तुमच्याकडनं काय नगं. आबांनी आत बोलवावं."

सगळे मागं वळले. आबा गर्दीच्या शेवटी उभे होते. दत्तूनं कान जरा आणखी पिळला.

"आबा," नवरा म्हणाला, "बोलवा की वो. माझा कान चाललाय."

ताशासुद्धा थांबलेला. आबांनी डोक्यावरचा फेटा उगाच सारखा केला, लिंबाकडं बघितलं, मांडवाकडं बघितलं. मग घसा खाकरून, पुटपुटल्यासारखं म्हणाले, "ये आत."

"सोडा आता," नवरा म्हणाला.

"नीट ऐकू न्हाय आलं," दत्तू म्हणाला. कान हातातच. "आबा, परत म्हणा."

"म्हणा की वो आबा, परत," नवरा रडकुंडीला आला. कान डाळिंबासारखा लाल!

"आत ये, दत्तू," आबा म्हणाले. आता मोठ्यानं, सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं.

दत्तूनं कान सोडला. नवरा कान चोळत बाजूला झाला, बायका हसल्या, ताशेवाल्यानं काड्या उचलल्या. दत्तू पहिलं पाऊल टाकणार एवढ्यात आबा म्हणाले, "दत्तू, आत ये बाबा."

या वेळी त्यांना कुणी म्हणा म्हटलं नव्हतं.